विश्लेषण : १४४१६ वर फोन केला, पुढे काय? मानसिक आजारावरचे उपचार मध्येच का सुटतात?

मन ठिकाणावर नाही, हे सांगण्यासाठी आता नाशिक शहर गाठावंच लागतं असं नाही. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. आधी समुपदेशक ऐकून घेतात, गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. सिडकोतल्या खोलीतून फोन करा किंवा सुरगाण्याच्या पाड्यावरून. पाड्यावर रेंज असेल तर, अर्थात.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

एक खेप, दोघांची मजुरी

राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मात्र बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही. नैराश्य, चिंता, झोप न लागणे यासाठी बाह्यरुग्ण विभाग पुरतो आणि ती सोय नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आहे. पण सुरगाण्याहून नाशिक ८०-९० किलोमीटर. एका खेपेत रुग्णाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही. दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत छाटणीची कामं सुरू असतील तर महिन्याची तारीख हमखास चुकते.

गोळ्यांनी उलट बिघडलं?

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. म्हणजे आधी त्रास, मग आराम. पहिल्या भेटीत हे कुणी समजावलं नाही, तर पाकीट फडताळात जातं आणि घरातले ‘बाहेरचं’ बघायला भगताकडे नेतात.

दुसरी भीती सवयीची. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, हे खरं. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं तसं व्यसन लागत नाही. लोक दोन्ही एकच समजतात. बरं वाटू लागल्यावरही त्या सहसा किमान ६ महिने घ्याव्या लागतात. अचानक बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता येते. आजारही उलटू शकतो.

फारसं माहीत नसलेलं कलम

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं विम्याचं कलम बरंच गाजलं. पण विमा मुख्यतः दाखल झाल्यावर कामी येतो. इथे उपचार बहुतांश बाह्यरुग्ण विभागातले. त्यापेक्षा कलम १८ जास्त उपयोगी. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मोफत मिळाली पाहिजेत, असं ते सांगतं. आपल्याकडे हे केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय.

त्यामुळे नाशिकला पहिली चिठ्ठी लिहून घेतानाच विचारावं : हीच गोळी आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळेल का? नसेल तर तिथे मिळणारी दुसरी चालेल का? मधल्या काळात जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता १४४१६ लावावा किंवा जवळचं रुग्णालय गाठावं.