विभक्तवास करार

विवाहबंधन कायम ठेवून पतिपत्नींनी वेगळे राहावे आणि त्या काळातील निर्वाह, निवास, मालमत्ता व अपत्यांचा सांभाळ यांची व्यवस्था कशी असावी, यांविषयी उभयतांनी स्वेच्छेने केलेला करार. तो बहुधा मुद्रांकित कागदावर लेखी केला जातो. या कराराने सहवासाची जबाबदारी उभयसंमतीने स्थगित होते; विवाह मात्र संपुष्टात येत नाही. त्यामुळे एकविवाहाचा नियम लागू असलेल्या दांपत्यापैकी कोणीही पुनर्विवाह केल्यास तो भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या ८२ व्या कलमाखाली गुन्हा ठरतो. हिंदू पतिपत्नींचा परस्परांच्या मालमत्तेवरील वारसाहक्कही केवळ वेगळे राहण्याने नष्ट होत नाही.

विभक्तवास करार आणि न्यायिक विभक्तता या भिन्न गोष्टी होत. न्यायिक विभक्तता न्यायालयाच्या हुकूमनाम्याने मिळते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या दहाव्या कलमात तिची तरतूद असून १९७६ च्या दुरुस्तीनंतर तिची कारणे घटस्फोटाच्या कारणांसारखीच आहेत. हुकूमनाम्यानंतर एक वर्ष वा अधिक काळ सहवास पुन्हा सुरू न झाल्यास कोणत्याही पक्षास घटस्फोटाचा अर्ज करता येतो. विशेष विवाह अधिनियम, १९५४; पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम, १९३६ आणि ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला १८६९ चा घटस्फोट अधिनियम यांतही न्यायिक विभक्ततेची सोय आहे. कराराला मात्र न्यायालयाची मोहोर नसते. त्याचे बळ संविदेच्या सामान्य तत्त्वांवर अवलंबून असते.

इंग्लंडमध्ये १८५७ पूर्वी वैवाहिक दावे धर्मन्यायालयांकडे असत आणि ती बहुधा केवळ विभक्त राहण्याची परवानगी देत. बॅल्फर खटल्यात (१९१९) पतीने पत्नीस दरमहा ३० पौंड देण्याचे दिलेले वचन घरगुती स्वरूपाचे ठरवून न्यायालयाने अमलात आणण्यास नकार दिला. कारण ते दिले गेले तेव्हा उभयतांत सलोखा होता. मेरिट खटल्यात (१९७०) मात्र पती घर सोडून गेल्यानंतर झालेला लेखी करार बंधनकारक ठरला. सलोखा संपल्यावर पतिपत्नी व्यवहारबुद्धीने वागतात आणि करारातून कायदेशीर बंधन निर्माण व्हावे, असाच त्यांचा हेतू असतो, हे या दोन निर्णयांतील भेदाचे मर्म होय.

भारतात अशा कराराच्या वैधतेला दोन मर्यादा आहेत. पहिली सार्वजनिक धोरणाची. मतभेद प्रत्यक्ष उद्‌भवल्यानंतर तत्काळ वेगळे राहण्यासाठी केलेला करार आणि भविष्यकाळात केव्हातरी वेगळे होण्याची आगाऊ तजवीज करणारा करार यांत भेद केला जातो. दुसऱ्या प्रकारचा करार विवाहसंस्थेस बाधक म्हणून निरर्थक मानतात. मुंबई उच्च न्यायालयाने बाई फातमा खटल्यात (१९१२) हेच तत्त्व मुस्लिम दांपत्याच्या कराराला लावले. दुसरी मर्यादा प्रतिफलाची. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या २५ व्या कलमानुसार निकटच्या नातेवाइकांतील प्रतिफलरहित करार लेखी, नोंदणीकृत आणि नैसर्गिक प्रेमापोटी केलेला असल्यास वैध ठरतो. कलकत्ता उच्च न्यायालयापुढील राजलक्ष्मी देवी खटल्यात (१९००) पतीने स्वतंत्र निवास व निर्वाह यांसाठी दरमहा रक्कम देण्याचा नोंदणीकृत लेख करून दिला होता. परंतु त्यातच उभयतांतील कलहाचा उल्लेख होता. तेथे प्रेम नव्हते, असे म्हणून न्यायालयाने तो अमलात आणला नाही. म्हणून दोन्ही पक्षांनी परस्परांस काही द्यावे वा काही सोडावे आणि तसे लेखात स्पष्ट नमूद करावे, हे इष्ट होय.

करारात सामान्यतः विभक्त राहण्याचा प्रारंभदिनांक, निर्वाहाची रक्कम व ती देण्याची रीत, राहते घर, स्त्रीधन, कर्जे, अपत्यांचा ताबा, भेटी व शिक्षणखर्च यांची कलमे असतात. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावर मालमत्तेतील हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जात असल्यास नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे लेखाची नोंदणी आवश्यक असते. संमतीने वेगळे राहणे हा परित्याग नव्हे. त्यामुळे संमती टिकून असेपर्यंत परित्यागाच्या कारणावरून घटस्फोट मागता येत नाही. पतिपत्नी पुन्हा एकत्र नांदू लागल्यास विभक्त राहण्याचा करार सामान्यतः संपुष्टात येतो.

निर्वाहाच्या बाबतीत सर्वाधिक सावधगिरी हवी. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या १४४ व्या कलमाखाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) पत्नीस दंडाधिकाऱ्याकडून निर्वाहाचा आदेश मिळू शकतो. परंतु पतिपत्नी परस्परसंमतीने वेगळी राहत असल्यास तो मिळत नाही. त्यामुळे पतीच्या छळास कंटाळून घर सोडावे लागलेल्या स्त्रीने ‘आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत’ असे छापील वाक्य असलेल्या लेखावर सही केली, तर तिच्या हक्कावर गदा येण्याचा संभव असतो. विभक्त राहण्याचे खरे कारण लेखात असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. याउलट, परस्परसंमतीने घटस्फोट घेतलेल्या स्त्रीस हा अडसर लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वनमाला खटल्यात (१९९५) सांगितले आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या २५ व्या कलमानुसार करारात ठरलेली रक्कमही परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाल्यास कमीअधिक करता येते. अपत्यांविषयीची कलमे तर न्यायालयावर मुळीच बंधनकारक नसतात. तेथे अपत्याचे हित हाच सर्वोपरी निकष होय.

महाराष्ट्रात फारकत, काडीमोड, सोडचिठ्ठी हे शब्द जुने आहेत. काही जातींत रूढीने घटस्फोट मान्य होता आणि १९५५ च्या अधिनियमाच्या २९ व्या कलमाने तो हक्क राखून ठेवला आहे. तथापि अशी रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने यमनाजी जाधव खटल्यात (२००२) स्पष्ट केले. रूढी सिद्ध न झाल्यास फारकतीच्या कागदाने विवाह मोडत नाही आणि त्यावर विसंबून केलेला दुसरा विवाह शून्य ठरतो. त्याची झळ बहुधा दुसऱ्या विवाहातील स्त्रीस बसते.

करारास हुकूमनाम्याचे बळ द्यावयाचे असल्यास प्रलंबित दाव्यात तो तडजोड म्हणून दाखल करता येतो. १९८४ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या कुटुंब न्यायालयांवर तर समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्यच सोपविलेले आहे. परस्परसंमतीने घटस्फोट मागण्यापूर्वी निदान एक वर्ष विभक्त राहावे लागते. त्या काळाचा प्रारंभ सिद्ध करण्यास हा लेख उपयोगी पडतो. अर्जानंतरचा सहा महिन्यांचा कालावधी योग्य प्रकरणी माफ करता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. समेट किंवा घटस्फोट यांपैकी काहीही होईपर्यंत दोन्ही घरांची व्यवस्था लावून देणे, एवढेच विभक्तवास कराराचे कार्य होय.