तापमान आणि पाण्याची रेणूरचना : क्ष-किरणांचा वेध

दिल्लीतील सरोजिनी नगरच्या जवळच सफदरजंग वेधशाळा आहे. कडाक्याच्या थंडीत तेथील पारा ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, तर २९ मे १९४४ रोजी तेथे ४७.२ अंश तापमानाची नोंद झाली होती. या दोन्ही टोकांना वसाहतीतील गच्चीवरच्या टाक्यांतले पाणी द्रवरूपच राहते आणि डोळ्यांना त्यात फरक दिसत नाही. रेणूंच्या पातळीवर मात्र त्याची रचना बदललेली असते. हा बदल क्ष-किरणांच्या विकिरणातून मोजता येतो.

विकिरणातून काय कळते?

क्ष-किरणांची तरंगलांबी सुमारे १ अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग असते. अणूंमधील अंतरेही याच प्रमाणातील असल्याने या किरणांद्वारे त्यांची मांडणी उलगडते. विकिरण इलेक्ट्रॉनांमुळे होते. पाण्याच्या रेणूतील १० इलेक्ट्रॉनांपैकी बहुतेक ऑक्सिजनभोवती एकवटलेले असल्याने मिळणारे चित्र मुख्यतः ऑक्सिजन अणूंचे असते. स्फटिकापासून रेखीव ठिपके मिळतात. द्रवापासून पसरट, अंधुक वलये मिळतात. कोनानुसार बदलणारी त्यांची तीव्रता मोजून रेणूंमधील सरासरी अंतरे काढता येतात.

भारतीय योगदान

द्रवातील ही वलये समजून घेण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत भारताचा वाटा मोलाचा आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन आणि के. आर. रामनाथन यांनी १९२३ मध्ये कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समधून द्रवांतील क्ष-किरण विवर्तनाचा सिद्धान्त मांडला. अत्यंत लहान कोनांतील विकिरण हे द्रवाच्या घनतेतील सूक्ष्म चढउतारांवर, पर्यायाने त्याच्या संपीड्यतेवर व तापमानावर अवलंबून असते, हा विचार त्यात होता. रामनाथन पुढे भारतीय हवामानशास्त्र विभागात गेले आणि नंतर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

तापवल्यावर होणारे बदल

मॉर्गन आणि वॉरेन यांनी १९३८ मध्ये १.५ ते ८३ अंशांदरम्यान पाण्याची मोजणी केली. पाण्याच्या प्रत्येक रेणूभोवती सरासरी चारांहून थोडेच अधिक रेणू असतात, हे त्यातून दिसले. आधुनिक मोजमापांनुसार नेहमीच्या तापमानाला शेजारच्या ऑक्सिजन अणूंमधील अंतर सुमारे २.८ अँगस्ट्रॉम असते व ते तापमानाबरोबर किंचित वाढते. त्याहून बोलका बदल ४.५ अँगस्ट्रॉम अंतरावरील शिखरात होतो. हायड्रोजन बंधांनी घडलेल्या चतुष्फलकीय जाळ्याची ती खूण होय. पाणी तापू लागले की हे शिखर खचत जाते, कारण जाळे विस्कळीत होते.

पाण्याचे असंगत आचरण यातून समजते. बर्फातील चतुष्फलकीय रचना पोकळ असते. ० ते ४ अंशांदरम्यान तापवताना ही पोकळ मांडणी मोडून रेणू जवळ येण्याचा परिणाम प्रभावी ठरतो व घनता वाढते. ४ अंशांपुढे उष्णतेमुळे होणारे प्रसरण वरचढ ठरते. संपीड्यतेचेही असेच आहे. सामान्य द्रव तापवला की अधिक संपीड्य होतो. पाण्याची संपीड्यता मात्र सुमारे ४६ अंशांपर्यंत घटते आणि त्यानंतर वाढते.

न संपलेला वाद

थंड पाणी म्हणजे एकाच रचनेतील क्रमिक बदल की कमी व अधिक घनतेच्या दोन रचनांचे मिश्रण, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. २००९ मध्ये लहान कोनांतील विकिरणाच्या आधारे मिश्रणाचा दावा झाला; पुढच्याच वर्षी त्याच स्वरूपाच्या मोजणीवरून त्याला आव्हान दिले गेले. २०१७ मध्ये क्ष-किरण लेसर वापरून निर्वातातील अतिशीत थेंबांची तपासणी झाली, तेव्हा उणे ४४ अंशांच्या आसपास संपीड्यता कमाल पातळी गाठत असल्याचे आढळले. मिश्रणवादी मताला त्याने बळ मिळाले.

अशा संशोधनासाठी प्रखर किरणस्रोत आवश्यक असतात. इंदूरच्या राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन देशातील असा स्रोत असून तेथे लहान व मोठ्या कोनांतील विकिरण मोजण्याची सोय आहे. प्रथिनांची घडी, औषधांची विद्राव्यता, ढगांतील हिमकणांची निर्मिती या साऱ्यांच्या मुळाशी पाण्याची रचना आहे. म्हणूनच १९२३ मध्ये कोलकात्यात हाताळलेला प्रश्न आजही जिवंत आहे.