प्रश्नाचा सूर

'आलीस' हा एवढासा शब्द घ्या. शेवटी सूर खाली सोडला तर ती नुसती नोंद होते. शेवट वर उचलला की प्रश्न होतो. आणि मधेच ताणून 'आलीऽऽस' म्हटलं की समोरची गुपचूप घड्याळाकडे बघते! शब्द तोच, अर्थ सगळा हेलात. इंग्रजीतही असंच आहे. पण शाळेत आपण स्पेलिंगं पाठ केली, काळ पाठ केले, आणि सुराचा धडा राहून गेला, कारण तो कागदावर नीट लिहिताच येत नाही. म्हणून आज त्याबद्दल बोलू. उदाहरणं माझ्याबरोबर मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात म्हणून कळणार नाहीत.

जॉन गम्पर्झ नावाचे अमेरिकेतले एक भाषातज्ज्ञ होते. आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कानडी, उर्दू बोलणारे शेजारी एकमेकांच्या भाषेतलं काय काय उचलतात, याचाही त्यांनी अभ्यास केला होता. १९८२ साली आलेल्या 'डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज' या पुस्तकात त्यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरची हकिगत दिली आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्यांच्याविषयी तक्रारी सुरू झाल्या. या बायका तुसड्या आहेत, नीट बोलत नाहीत, असं जेवायला येणाऱ्या कामगारांचं आणि देखरेख करणाऱ्यांचंही मत झालं.

खरं तर त्या फारसं काही बोलतच नव्हत्या! कुणी मटण घेतलं की त्यावर रस्सा घालायचा का, एवढं विचारायचं. रश्शाला तिकडे 'ग्रेव्ही' म्हणतात. तिथली इंग्रज बाई 'ग्रेव्ही?' म्हणताना शेवटी सूर वर न्यायची. म्हणजे 'ग्रेव्ही वाढू का?' आपल्या बायका तोच शब्द सूर खाली आणून म्हणायच्या, 'ग्रेव्ही.' इंग्रजी कानाला ते 'ही ग्रेव्ही आहे' असं ऐकू यायचं. समोर दिसतंच आहे ते कशाला सांगायचं? हवी तर घे, नको तर जा, असा त्याचा अर्थ लागायचा.

मग त्यांचं बोलणं टेप करून सगळ्यांना ऐकवलं गेलं. आधी त्या बायकांना फरकच कळेना. शब्द तर तोच आहे, मग चुकलं कुठे? आणि देखरेख करणाऱ्यांना प्रथमच कळलं की अशा वेळी विचारायची यांची रीतच ही आहे, त्यात उद्धटपणा काही नाही. आपल्याबद्दल गैरसमज होतोय हे त्या बायकांना आधीपासून जाणवत होतं, पण तो कशामुळे, हे सांगता येत नव्हतं. आपल्याला मुद्दाम वेगळं वागवतात असंच त्यांना वाटत होतं. अशा काही बैठकांनंतर वातावरण बदललं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती टेप दोन्ही बाजूंनी ऐकली.

मराठीत आपल्याजवळ 'का' आहे. 'रस्सा वाढू का' म्हटलं की सूर कसाही असो, प्रश्न तो प्रश्नच राहतो. इंग्रजीत एकट्या शब्दाला असं शेपूट नाही, सगळा भार सुरावर येतो. शिवाय मोठ्यांसमोर आवाज चढवू नये, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की परक्या माणसापुढे आपण सूरही खालीच ठेवतो, असा माझा अंदाज आहे. पण सूर चढवणं म्हणजे ओरडणं नव्हे. आवाज हळूच ठेवून शेवटचं अक्षर 'सा'वरून 'ग'वर न्यायचं, इतकंच. ते जमेपर्यंत पूर्ण वाक्य वापरा, 'वुड यू लाइक सम ग्रेव्ही?' वाक्याची रचनाच प्रश्नाची असल्यामुळे सूर थोडा पडला तरी निभावतं.

उलट 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हेन'ने सुरू होणाऱ्या प्रश्नांत इंग्रजी सूर साधारणपणे शेवटी उतरतो. तिथे मुद्दाम चढवायला जाऊ नका, अर्थ बदलू शकतो. मुलाखतीत तुम्ही म्हणालात, 'आय वर्क्ड इन मिरज.' समोरच्याने उतरत्या सुरात 'व्हेअर?' विचारलं तर त्याला मिरजेत नेमकं कुठे ते हवंय. दवाखान्याचं किंवा दुकानाचं नाव सांगा. तेच 'व्हेअर?' चढत्या सुरात आलं तर त्याला गावाचं नाव ऐकू आलेलं नाही. तेव्हा नुसतं 'मिरज' पुन्हा सांगायचं.

आता वाक्याला शेवटी जोडतात तो छोटा प्रश्न. आपला 'ना' असतो तसा. 'तू गॅस बंद केलास ना' हे खात्रीनेही म्हणता येतं आणि धास्तीनेही. समजा, परदेशात काम करणारी नर्स रुग्णाला म्हणते, 'यू हॅव टेकन युवर टॅब्लेट, हॅवन्ट यू?' शेवटचे दोन शब्द उतरत्या सुरात आले तर अर्थ होतो, 'घेतलीच आहे, मला ठाऊक आहे.' अर्धवट झोपेतला म्हातारा मान डोलावणार. सूर चढला तरच ती खरी चौकशी. औषधाच्या बाबतीत मी तर म्हणेन, हे शेपूट नकोच. सरळ 'हॅव यू टेकन युवर टॅब्लेट?' विचारावं.

'टी ऑर कॉफी'चं गणित सोपं आहे. 'टी' वर, 'कॉफी' खाली, म्हणजे या दोनातलंच एक. दोन्ही वर, म्हणजे आणखी काही मागितलंत तरी चालेल.

फोनवर 'सॉरी' मात्र जपून. सूर चढवून म्हटलं तर 'ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.' उतरवून म्हटलं तर 'माफ करा', आणि पलीकडचा समजतो की आपण नाही म्हणतोय. मोबाइलवर दोन्ही 'सॉरी' रेकॉर्ड करा आणि घरातल्या कुणाला तरी ऐकवून विचारा, यातला प्रश्न कोणता?