पुन्हा पहिला घास : मुखकर्करोगाच्या उपचारानंतरचे जेवण

बालरोगतज्ज्ञाने मुखकर्करोगाविषयी लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे अनपेक्षित वाटेल. मात्र हा लेख त्या रोगाच्या निदानाविषयी किंवा शस्त्रक्रियेविषयी नाही. त्यावर लिहिण्याचा अधिकार आपल्या मंडळातील शल्यचिकित्सक व कर्करोगतज्ज्ञ बंधुभगिनींचा आहे. माझा विषय त्यांचे काम संपते तेथून सुरू होतो. गाठ निघाली, किरणोपचार पूर्ण झाले, तपासण्यांचे अहवाल समाधानकारक आले, रुग्ण घरी आला. आणि घरच्या ताटासमोर बसल्यावर त्याच्या ध्यानात आले की आपल्याला जेवता येत नाही. या माणसाला जेवणे पुन्हा शिकावे लागते. मनुष्य जेवायला कसा शिकतो, हे मात्र मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे रोज पाहत आलो आहे.

भारतीय पुरुषांत आढळणाऱ्या कर्करोगांत ओठ व मुखाचा कर्करोग अग्रस्थानी आहे. आपल्या मध्य प्रदेशाने २०१२ साली, इतर राज्यांच्या आधी, गुटख्यावर बंदी घातली. तरीही तंबाखू आणि सुपारी गालात धरून ठेवण्याची सवय समाजातून गेलेली नाही. इंदूरच्या मराठी वस्तीतही असा एखादा रुग्ण नात्यात किंवा शेजारी नाही, असे घर विरळाच. म्हणून ही माहिती डॉक्टरांइतकीच घरच्या मंडळींनाही हवी.

गिळण्याची क्रिया

घास गिळणे आपल्याला इतके सहज वाटते की ती एक गुंतागुंतीची क्रिया आहे, हे आपण विसरतो. दात घास बारीक करतात, लाळ तो ओला करते, गाल त्याला दातांखाली ठेवतात, जीभ त्याचा गोळा करून मागे ढकलते. इथपर्यंतचे काम आपल्या इच्छेच्या ताब्यात असते. पुढचे काम आपोआप होते : मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर व पुढे सरकून श्वासनलिकेचे दार मिटते, अन्ननलिकेचे तोंड उघडते आणि घास खाली जातो. घशातील हा सारा प्रवास जेमतेम एका सेकंदाचा. त्यासाठी पंचवीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच चेतांच्या जोड्या एका तालात काम करतात.

हा ताल जन्मतःच पूर्ण नसतो. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ गर्भावस्थेच्या सुमारे चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास जमतो. म्हणूनच फार आधी जन्मलेल्या बाळांना आपण नळीने दूध देतो. पुढे सहाव्या महिन्याच्या सुमारास जीभ घन पदार्थ बाहेर ढकलण्याचे सोडते आणि आपल्याकडे उष्टावण होते. पेज, मऊ खिमट, गुरगुट्या भात, मग वरणात भिजवलेली पोळी, असा क्रम बाळ पायरीपायरीने चढते. १९६४ साली इंग्लंडमधील इलिंगवर्थ व लिस्टर यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली : चावायला शिकण्याचा एक अनुकूल काळ असतो; त्या काळात घन पदार्थ तोंडात पडलेच नाहीत, तर पुढे मूल ते स्वीकारण्यास फार त्रास देते. नळीवर दीर्घकाळ राहिलेल्या मुलांत आम्हाला याचा प्रत्यय नेहमी येतो.

उपचारांत काय हरवते

मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियेत जिभेचा, गालाचा किंवा जबड्याचा काही भाग काढावा लागतो. त्या जागी छातीचा स्नायू, मनगटाजवळची त्वचा किंवा पायातील फिब्युला हाड बसवून रचना पुन्हा उभी करता येते. पण बसवलेला भाग जागा भरून काढतो, जिभेसारखा हलत नाही आणि त्याला पूर्वीची जाणीवही नसते. घास गालात अडकून राहतो आणि रुग्णाला ते कळतही नाही.

त्यानंतर बहुधा किरणोपचार येतात. शस्त्रक्रियेनंतर साधारणतः ६० ग्रे इतका किरणोत्सर्ग ३० सत्रांत, आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे दिला जातो. तोंड सोलवटते, चव जाते, लाळ आटते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती नसेल तर पोळीचा घास कितीही चावला तरी त्याचा गोळा होत नाही, भुगाच राहतो. तोंडाची आग उपचार संपल्यानंतर काही आठवड्यांत शमते. याउलट स्नायूंत तंतू वाढून येणारा ताठरपणा सावकाश, महिनोन्‌महिने आणि कधी वर्षानुवर्षे वाढत राहतो. रुग्णाला वाटते, आता जखम भरली, धोका संपला. तोंड व घसा आखडण्याचा काळ मात्र तेव्हाच चालू असतो.

तोंड रिकामे ठेवू नये

या लेखात मला जी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे, ती येथे येते. नळी ही पोषणासाठी असते. तिने तोंडाला सुट्टी द्यायची नसते. नाकातून जाणारी रायल्स नळी किंवा पोटाच्या भिंतीतून जठरात बसवलेली नळी अनेकांचे प्राण वाचवते आणि गरज असताना ती नाकारणे चुकीचे आहे. पोटातून नळी बसवण्याची आजची दुर्बिणीची पद्धत १९७९ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे गॉडरर व पॉन्स्की यांनी प्रथम वापरली. गॉडरर हे बालशल्यचिकित्सक, आणि पहिला रुग्ण होते काही महिन्यांचे मूल. बालरोगशास्त्राने मोठ्यांच्या वैद्यकाला दिलेली ही मोठी देणगी आहे. पण त्या देणगीबरोबर आमचा अनुभवही घ्यायला हवा : नळी असली तरी जे काही सुरक्षितपणे गिळता येते ते गिळत राहावे. काहीच गिळता येत नसेल, तर निदान जिभेचे, जबड्याचे व घशाचे व्यायाम चालू ठेवावेत.

हा केवळ बालरोगतज्ज्ञाचा तर्क नाही. २०१३ साली अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने किरणोपचार घेतलेल्या घशाच्या कर्करोगाच्या ४९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारांच्या काळात जे तोंडाने खात राहिले आणि ज्यांनी गिळण्याचे व्यायाम केले, त्यांचे पुढचे जेवण इतरांपेक्षा चांगले राहिले. ते रुग्ण घशाच्या कर्करोगाचे होते, तरी न वापरलेला स्नायू दुबळा होतो हा नियम मुखालाही लागू आहे. म्हणून गिळण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या स्पीच थेरपिस्टची पहिली भेट उपचार संपल्यावर नव्हे, तर उपचार सुरू होण्यापूर्वी व्हावी.

मऊ म्हणजे सोपे नव्हे

घरची मंडळी सर्वांत मऊ पदार्थ निवडतात आणि सर्वांत सोपे म्हणून पाणी पाजतात. येथे विचार करावा लागतो. ज्याच्या घशाची क्रिया उशिरा सुरू होते, त्याला पाणी सर्वांत कठीण; कारण दार मिटण्याआधीच ते श्वासनलिकेत उतरते. त्याला दाटसर द्रव सोपा. ज्याची जीभ कापली आहे पण घसा शाबूत आहे, त्याचे बरोबर उलटे : पातळ पदार्थ उताराने मागे जातो, दाट पदार्थ जिभेवर तसाच राहतो. ज्याची लाळ आटली आहे, त्याला शिरा किंवा साबुदाण्याची खिचडी मऊ असूनही टाळूला चिकटते. म्हणजे कोणाला काय द्यावे, हे कोणते काम बिघडले आहे त्यावर ठरते. बेरियम मिसळलेला घास क्ष-किरणांखाली पाहून किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून ते निश्चित करता येते.

२०१३ साली सुरू झालेल्या आय.डी.डी.एस.आय. या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने अन्न व पेयांच्या दाटपणाच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या ठरवल्या आहेत. पातळी तपासायला घरचा चमचा, काटा आणि १० मिलिलिटरची सिरिंज पुरते. चौथ्या पातळीवर गुठळी नसलेले, चमच्यावर ठरणारे अन्न असते. आपल्याकडे घोटून गाळलेले वरण-भाताचे खिमट. पाचव्या पातळीवर ओलसर आणि बारीक अन्न, ज्यातील कण मोठ्यांसाठी ४ मिलिमीटरपर्यंत आणि बाळांसाठी २ मिलिमीटरपर्यंत असावेत. तूप-मेतकूट घातलेला गुरगुट्या भात नीट कालवला तर येथे बसतो. सहाव्या पातळीवर बोटाने दाबता येतील असे दीड सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे. सुटा भात, कोरडी पोळी, पोहे आणि शेव ही शेवटची पायरी. मधल्या काळात एका सापळ्यापासून जपावे : पातळ दुधात तरंगणारे पोळीचे तुकडे किंवा पाणी सुटलेला ताकभात. एकाच घासात द्रव व घन वेगवेगळे वागतात आणि ठसका लागतो.

घरातील अनुभव

माझ्या थोरल्या बंधूंना डाव्या गालाचा कर्करोग झाला. गाल व जबड्याचा भाग काढून छातीचा स्नायू बसवला, नंतर तीस किरणसत्रे झाली. पुढचे अनेक आठवडे ते नळीवर होते. थेरपिस्टने त्यांना मान उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला कलती करून घास उजवीकडे ठेवायला आणि प्रत्येक घासानंतर एकदा कोरडे गिळायला शिकवले. वाटीभर खिमटाला चाळीस मिनिटे लागत. मी बाळांसाठी ठेवतो तसा वजनाचा तक्ता ठेवला. एके दिवशी मी चमचा त्यांच्या तोंडाशी नेला, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला आणि अस्पष्ट पण ठाम शब्दांत म्हणाले, "अरे, मला बाळ समजू नकोस."

बाळाशी केलेल्या तुलनेची मर्यादा मला तेथे समजली. पायऱ्या त्याच, पण चढणारा वेगळा. बाळाला गमावलेल्या चवीची आठवण नसते. ते सांडते, थुंकते आणि हसते. साठीच्या माणसाला सांडण्याची लाज वाटते. म्हणून त्याला भरवू नये. चमचा त्याच्या हाती असावा, समोर आरसा असावा, वेळ त्याचा असावा आणि पुढची पायरी केव्हा चढायची हे त्याला विचारूनच ठरावे. पाचव्या महिन्यात दादांनी आमटीत पूर्ण भिजलेला पोळीचा तुकडा स्वतःहून मागितला. आज ते बहुतेक घरचे जेवण जेवतात. शेव त्यांना जमत नाही आणि कदाचित कधी जमणारही नाही.

रोजची काळजी व धोक्याच्या खुणा

तोंड उघडण्याचे व्यायाम दिवसातून अनेकदा करावेत. दोन दातांमधील अंतर ३५ मिलिमीटरहून कमी झाले, म्हणजे साधारणतः तीन बोटे उभी मावेनाशी झाली, की जबडा आखडत आहे असे समजावे. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरून दर काही दिवसांनी एक काडी वाढवणे हा स्वस्त उपाय आहे. मात्र हाड बसवलेले असल्यास शल्यचिकित्सकाला विचारूनच तो सुरू करावा. जेवणापूर्वी व नंतर मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने तोंड स्वच्छ करावे, कारण अस्वच्छ तोंडातील जंतू श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय काढू नये. हाड कुजण्याचा धोका असतो.

जेवणानंतर आवाज ओला, घरघरता होणे, वारंवार ताप येणे, वजन घटत जाणे आणि जेवणाचा वेळ वाढत जाणे या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. किरणोपचारांनी घशाची संवेदना बोथट होत असल्याने काहींना अन्न श्वासनलिकेत जाऊनही ठसका लागत नाही. ठसका नाही म्हणजे सर्व ठीक, हे येथे खरे नाही.

पंगतीतील जागा

चव बहुतेकांना काही महिन्यांत बऱ्याच अंशी परत मिळते. तिखट मात्र दीर्घकाळ झोंबते. त्याहून सावकाश परततो तो चारचौघांत जेवण्याचा धीर. आपल्या समाजाचे एकत्र येणे गणेशोत्सवाचे असो, कोजागरीचे असो वा मुंजीचे, ते अखेर पानावर येऊन ठेपते. ज्याला जेवता येत नाही, तो आधी पंगत टाळतो, मग कार्यक्रम, मग माणसे. दादाही कित्येक महिने आतल्या खोलीत एकटे जेवत असत. वहिनींनी घरात सर्वांसाठीच आठवड्यातून दोन रात्री मऊ भात आणि कढी करायला सुरुवात केली, तेव्हा ते बाहेर येऊन आमच्याबरोबर बसू लागले.

मंडळातील व्यवसायबंधूंना विनंती, की मुखकर्करोगाचा रुग्ण उपचारांसाठी पाठवताना चिठ्ठीत गिळण्याच्या मूल्यमापनाची एक ओळ आवर्जून लिहावी. आणि समाजबांधवांना विनंती, की पुढच्या स्नेहभोजनात अशा एखाद्या सदस्यासाठी दाटसर कढी आणि गुरगुट्या भाताचे एक पान वेगळे काढावे, ते पंगतीतच वाढावे, आणि त्याचे जेवण संपेपर्यंत शेजारच्याने उठू नये.