सायकल पंधरा किलोची, पट्ट्यावर ओढ किती?

सुट्टीच्या दिवशी पहाटे घाटाकडे निघालेल्या मोटारींच्या टपावर किंवा पाठीमागे बांधलेल्या सायकली आता आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. सायकली अडकवण्याचा सांगाडा, म्हणजे रॅक, बाजारात तयार मिळतो. 'सायकलीचे वजन ते किती, फार तर पंधरा किलो!' असे म्हणून पट्टे ओढले जातात आणि मोटार निघते. पण काट्यावर भरणारे वजन आणि धावत्या मोटारीवर पट्ट्यांना सोसावी लागणारी ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टा सुटला, तर सायकल पडते ती मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या पुढ्यात. म्हणून ही ओढ कशी वाढते ते नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी शाळेत शिकवली जाणारी तरफ आणि गतीचे नियम पुरेसे आहेत.

तरफेचा हिशेब

डिकीच्या दारावर बसवायचा रॅक घेऊ. त्याचे खालचे पाय मोटारीला टेकलेले असतात, वरचे पट्टे दाराच्या वरच्या कडेत आकड्यांनी अडकवलेले असतात आणि दोन दांड्या मागे निघालेल्या असतात. खालचे पाय हा टेकू. सायकलीचे वजन रॅकला त्या टेकूभोवती मागे उलटवू पाहते. वरचे पट्टे त्याला पुढे खेचून धरतात. बल आणि टेकूपासूनचे अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. रॅक स्थिर राहायचा, तर दोन्हीकडची परिबले सारखी हवीत.

समजा, पहिली सायकल टेकूपासून ४० सेंटिमीटर मागे आहे, दुसरी ६० सेंटिमीटर मागे, आणि वरचे पट्टे टेकूच्या ५० सेंटिमीटर वर आहेत. सोयीसाठी पट्टे आडवे ओढतात असे धरू आणि रॅकचे स्वतःचे वजन सोडून देऊ. पंधरा किलोच्या पहिल्या सायकलीमुळे वरच्या पट्ट्यांवर १५ × ४० ÷ ५० म्हणजे १२ किलो वजनाइतकी ओढ पडते. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या सायकलीमुळे मात्र १८ किलोइतकी.

आता एक सायकल २४ किलोची विजेवर चालणारी आणि दुसरी १२ किलोची असेल तर? जड सायकल आत ठेवल्यास एकूण ओढ सुमारे ३४ किलो होते, बाहेर ठेवल्यास ३८ किलोंच्या वर जाते. सायकली त्याच, वजन तेच. फक्त क्रम बदलला. जड सायकल नेहमी मोटारीच्या जवळ ठेवायची, या नियमामागचे कारण हेच आहे. शिवाय हा हिशेब मोटार उभी असतानाचा आहे. खड्ड्यात चाक आदळून मोटार वर उसळते तेव्हा सायकलीलाही वर ढकलावे लागते, आणि ही ओढ क्षणभर दुप्पटही होऊ शकते.

ब्रेक आणि वारा

टपावरच्या सायकलीची अडचण निराळी आहे. जोराने ब्रेक दाबला की मोटारीचा वेग दर सेकंदाला सुमारे ८ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होऊ शकतो. सायकल मात्र जडत्वामुळे पुढे जाऊ पाहते. १५ किलोच्या सायकलीला थोपवण्यासाठी रॅकला १५ × ८ म्हणजे १२० न्यूटन बल लावावे लागते, जवळजवळ १२ किलो वजनाइतके, आणि तेही आडवे. ताशी ५० किलोमीटर वेगाने सुटलेल्या सायकलीत किती ऊर्जा असते? सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडलेल्या सायकलीत जमिनीवर आदळताना असते तेवढी.

वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० चा वेग ८० केला, तर रोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. गावातल्या रस्त्यावर घट्ट वाटणारी बांधणी महामार्गावर सैल पडते, त्यामागे हे एक कारण आहे. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती किलो भार चालेल ते दिलेले असते. त्यात रॅकचे वजनही धरायचे असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. उंचीचेही भान हवे. दीड मीटर उंचीच्या मोटारीवर उभी सायकल चढली की एकूण उंची अडीच मीटरपर्यंत जाते. तळघरातल्या वाहनतळाची कमान बहुधा त्याहून खाली असते. एकूण उंची कागदावर लिहून तो चालकासमोर चिकटवून ठेवणे हा साधा पण उपयोगी उपाय आहे.

बांधताना

रॅक आपल्या मोटारीसाठी योग्य आहे ना, हे आधी पुस्तिकेत पाहावे. आकडे पत्र्याच्या मजबूत कडेतच अडकवावेत. काच किंवा प्लॅस्टिकचा भाग यासाठी नाही. रॅकचे पाय टेकतात ती जागा पुसून घ्यावी. धूळ राहिली तर रंगावर ओरखडे पडतात आणि पकडही कमी होते. सायकल दांड्यांना बांधावी, शिवाय चाके आणि हँडल वेगळ्या पट्ट्यांनी आवळावीत. नाहीतर ती झोके घेते आणि प्रत्येक झोक्यागणिक गाठ सैल होते. बांधून झाल्यावर सायकल हाताने जोरात हलवून पाहावी. सायकलीसोबत मोटारही हलली तर बांधणी ठीक. सायकल एकटीच हलली तर पुन्हा बांधावी.

टायर धुराड्याच्या नळीसमोर येऊ देऊ नये, गरम धुराने रबर खराब होते. सायकलीची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास असते, लहान मोटारीची रुंदी बहुधा तेवढी नसते. चाक बाजूला डोकावत असेल तर पुढचे चाक काढून ते डिकीत ठेवावे. नंबरपट्टी आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. मागच्याला आपला ब्रेकचा दिवा दिसला नाही, तर सगळी घट्ट बांधणी व्यर्थ आहे. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून सर्व पट्टे पुन्हा ओढावेत, कारण सुरुवातीच्या धक्क्यांनी ते आपापल्या जागी बसतात आणि ढिले पडतात.

वर्गात करून पाहा

पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली विद्यार्थ्याने आधी छातीजवळ आणि मग हात लांब करून धरावी. वजन तेच असून खांदा का भरून येतो, हे विचारावे. दुसरा प्रयोग: टेबलपंख्यासमोर एक रुंद फीत ताणून धरा, मग तिला एक-दोन पीळ देऊन धरा, आणि थरथर केव्हा जास्त होते ते पाहा. सपाट पट्ट्याच्या पूर्ण लांबीवर वारा एकाच तऱ्हेने काम करतो. पीळ दिल्यावर जागोजागी त्याचा कोन बदलतो आणि थरथरीला एकजूट मिळत नाही. टपावरच्या पट्ट्यालाही असाच पीळ देतात.

शेवटी एक गणित. वरच्या उदाहरणात वरचे पट्टे टेकूच्या ५० ऐवजी २५ सेंटिमीटर वर अडकवले, तर १५ किलोच्या दोन सायकलींमुळे त्यांच्यावर किती ओढ पडेल? उत्तर काढल्यावर विद्यार्थी पट्टा कुठे अडकवायचा ते आपणच सांगतील.