उतार कितव्या गिअरात?

कराडजवळच्या एका लेथच्या कारखान्यामागे दर रविवारी सकाळी सात-आठ माणसं जमतात. त्यांत एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले एक फिटर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक, एक पोल्ट्रीवाला, लेथचा मालक आणि दोन-तीन तरुण पोरंही असतात. प्रत्येकाकडे एक जुनी जीप किंवा पिकअप आहे. अशा गाड्या बाजारात विकल्या तर भंगाराहून थोडी जास्त किंमत येईल, पण विकायचं कुणाच्याच मनात नाही. गेली अकरा वर्षं मी या मंडळीत बसतो. माझी पिकअप १९९७च्या नोंदणीची, वडिलांनी घेतलेली. जीपच्या घराण्यातली चासी, मागे लोखंडी हौदा, फाळक्यावर वडिलांनी रंगवून घेतलेलं आजीचं नाव.

जुनी गाडी दुरुस्त करणं आणि जुनी गाडी सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला फार उशिरा आणि फार महागात कळलं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

एका बॉनेटची वंशावळ

या गाड्यांचा मूळ पुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप. १९४०मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने दिला, पण युद्धकाळातलं प्रचंड उत्पादन विलीज आणि फोर्ड यांनी केलं. दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. भारतात १९४५मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री झाले, आणि १९४८मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून ती मुंबईत माझगावला जोडली जाऊ लागली.

१९५३मध्ये विलीजने सीजे-३बी ही जीप काढली. तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा बरंच उंच होतं. कारण साधं होतं. नव्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वर, डोक्यात बसवल्या होत्या. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्यावर झाकण म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत ही जीप १९६८मध्ये बंद झाली. आपल्याकडे ती उंच कपाळाची ठेवण पुढे कित्येक वर्षं टिकली. तोवर आतलं पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल आलं होतं, पण कपाळ तेच राहिलं.

डिझेलची दोन घराणी आमच्या रविवारच्या मंडळीत नांदतात. एक फ्रेंच प्यूजोचं, परवान्यावर इथे बनलेलं. दुसरं एमडीआय, माझ्या गाडीतलं. त्याचा बोर साडेतीन इंच, स्ट्रोक चार इंच. चार सिलेंडरांचा हिशेब केला तर २,५२३ घन सेंटिमीटर भरतात. ही मापं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाची. महिंद्राने १९६३मध्ये याच अमेरिकी कंपनीच्या भागीदारीत ट्रॅक्टर बनवण्याचा उद्योग सुरू केला होता. म्हणूनच शेताच्या बांधावर ट्रॅक्टर खोलणारा मिस्त्री जीपच्या बॉनेटखाली बावरत नाही. त्याच्यासाठी ते ओळखीच्या घरातलंच माणूस असतं.

आधी कान, मग पाना

मामांचा एक शिरस्ता आहे. गाडी बिघडली म्हणून कुणी आलं की ते पान्याला हात लावत नाहीत. आधी तीन प्रश्न विचारतात : काय होतंय, कधीपासून होतंय, आणि त्याच्या आधी गाडीला काय केलं होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक ‘काही नाही’ असं देतात, आणि बहुतेक वेळा ते खोटं असतं.

मागच्या हिवाळ्यात पोल्ट्रीवाल्याची गाडी सकाळी सुरू होईना. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. म्हणजे तीन गोष्टी हव्यात : दाब, वेळेवर डिझेल, आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरवणारा सेल्फ. मामांनी सेल्फ मारायला सांगितलं आणि ते सायलेन्सरकडे जाऊन उभे राहिले. सेल्फ झणझणीत फिरत होता, पण नळीतून धुराचा टिपूसही नाही. ‘धूर नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही,’ ते म्हणाले. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण नीट पेटत नाही, असा अर्थ झाला असता. गाडी चालताना काळा धूर येत असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि निळा येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय.

‘आधी काय केलं होतंस?’

‘काही नाही.’ मग थोड्या वेळाने : ‘डिझेल फिल्टर बदलला आठवड्यापूर्वी.’

फिल्टरखालचं रबरी वायसर जुनंच ठेवलं होतं. रात्रभरात तिथून हवा शिरत होती आणि डिझेल टाकीकडे परत उतरत होतं. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. नळीत हवा असली की पंप तिलाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत जोर पोचत नाही. वायसर बदललं, हातपंपाने हवा काढली, दहा मिनिटांत गाडी लागली. ‘हवा दाबली जाते’ हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे ते पुन्हा येणार आहे.

सेल्फच मंद फिरत असता तर तपास वेगळा झाला असता. लोक अशा वेळी सरळ नवी बॅटरी आणतात. प्राध्यापकांनी आम्हाला मल्टिमीटर लावायला शिकवलं. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारायचा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष बॅटरीत नाही, अर्थिंगच्या गंजलेल्या पट्टीत आहे. काचकागद आणि एक नवी पट्टी एवढ्यावर काम भागतं. निदान म्हणजे अंदाज नव्हे. एकेक शक्यता पुराव्याने बाद करत जाणं म्हणजे निदान.

आठ दाते आणि त्रेचाळीस दाते

दुरुस्तीत गाडी होती तशी करायची असते. सुधारणेत ती कधीच नव्हती तशी करायची असते, आणि मोह तिथेच असतो.

माझ्या पिकअपचा जीव साठाच्या पुढे कासावीस व्हायचा. कारण शोधायला आम्ही मागची चाकं उचलली, कार्डन शाफ्टवर खडूची रेघ मारली, एक चाक धरून ठेवलं आणि दुसरं बरोबर दोन वेळा फिरवलं. शाफ्ट पाच फेऱ्या आणि वर एक तृतीयांशाहून किंचित जास्त फिरला. म्हणजे डिफरन्शिअलचं गुणोत्तर ५.३८ : लहान दातेरी चाकाला आठ दाते, मोठ्याला त्रेचाळीस. जुन्या सीजे-३बी जीपचं गुणोत्तरही हेच.

माझ्या टायरचा घेर सुमारे २.२८ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर, चाकाच्या सुमारे ४३८ फेऱ्या. टॉप गिअरात इंजिनाच्या तेव्हा साधारण २,३६० फेऱ्या होतात. ८०च्या वेगाला ३,१५०च्या आसपास. लांब स्ट्रोकच्या, ट्रॅक्टरकुळातल्या इंजिनाला तिथे धाप लागणारच. त्याच घराण्यातलं ४.२७ गुणोत्तराचं, अकराला सत्तेचाळीस दात्यांचं डिफरन्शिअल बसवलं तर ८०ला फेऱ्या सुमारे २,५०० होतात. आवाज कमी, डिझेल कमी, रस्ता मोकळा. मी ते बसवलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून लागेल तो बुश करून आणला. पहिल्या दिवशी महामार्गावर गाडी अशी सुटली, की वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती असं वाटलं.

पुढच्याच महिन्यात हौद्यात गुळाच्या ढेपा घेऊन मी कुंभार्ली घाटाने चिपळूणला निघालो. शेजारी पुतण्या होता, बारा वर्षांचा. तो घाट मी याच गाडीने शंभर वेळा तरी तिसऱ्या गिअरात उतरलो असेन. तसाच उतरू लागलो. निम्मा उतार झाल्यावर जळक्या लायनरचा वास आला. पुढच्या वळणावर ब्रेकचा पेडल पाय ठेवताच तळाला गेला. दुसऱ्यांदा दाबला, तोच प्रकार. हँडब्रेक ओढत, गिअरचा खरखराट करत दुसरा आणि मग पहिला टाकला आणि डाव्या बाजूची चाकं डोंगराकडच्या गटारात उतरवली. गाडी कलून थांबली. पुतण्याचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं आणि तीन टाके पडले. त्याने रडण्याआधी विचारलं, ‘काका, गूळ सांडला का?’

पेडलचा जबाब

अर्ध्या तासाने सहज पाय ठेवून पाहिला, तर पेडल पुन्हा कडक होता. रविवारी मी हे सांगितलं, तेव्हा मामांनी मान हलवली. तळाला गेलेला पेडल तीन तऱ्हेचा जबाब देतो. सारखा पंप केल्यावर वर येत असेल तर नळीत हवा आहे किंवा ब्रेकशूज सैल आहेत. दाबून धरल्यावर हळूहळू बसत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टर सिलेंडरमधली रबरं गेली आहेत. आणि गार झाल्यावर आपोआप परत येत असेल तर ब्रेकचं ऑइल उकळलं होतं.

प्राध्यापकांनी फळ्यावर लिहून दाखवलं. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. साधं डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक असतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. माझं ऑइल चार वर्षांचं होतं. उकळलं की वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. पोल्ट्रीवाल्याच्या डिझेल नळीत जे झालं, तेच माझ्या ब्रेकच्या नळीत झालं होतं. शिवाय माझा मास्टर सिलेंडर जुन्या पद्धतीचा, चारही चाकांना मिळून एकच मार्ग असलेला. एका चाकाशी वाफ झाली तरी चारही चाकं गेली.

‘पण ब्रेक इतके तापले का?’ मी विचारलं. ‘ऑइल मागच्या वर्षीही जुनंच होतं.’

मामांनी उलट विचारलं, ‘उतार कितव्या गिअरात उतरवलास?’

‘तिसऱ्या. नेहमीसारखा.’

‘तुझा तिसरा आता तिसरा राहिलाय का?’

उतारावर गाडीला मागे खेचून धरणारं इंजिन तो जोर डिफरन्शिअलच्या गुणोत्तराने गुणून चाकांना देतं. ५.३८चे मी ४.२७ केले. म्हणजे त्याच गिअरात इंजिनाची ओढ एक पंचमांशाने कमी केली, वर फेऱ्या उतरल्याने आणखी थोडी. उरलेलं सगळं ओझं ड्रम ब्रेकवर गेलं. मी वेग विकत घेतला होता आणि त्याची किंमत न विचारता घाटाच्या नावे लिहिली होती. तिसरा प्रश्न, ‘आधी काय केलं होतंस?’, या वेळी मला लागू होता. आणि माझ्याही तोंडी पहिलं उत्तर ‘काही नाही’ हेच आलं होतं.

आधी थांबणं

त्यानंतर आमच्या मंडळीत एक क्रम ठरला. आधी थांबणं, मग वळणं, मग दिसणं, आणि सर्वांत शेवटी पळणं. थांबणं म्हणजे दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलेंडर, व्हॅक्यूम बूस्टर, जमल्यास पुढे डिस्क, आणि दर दोन वर्षांनी नवं ऑइल. वळणं म्हणजे किंगपिनची बेअरिंगं, स्टिअरिंगचे सांधे, पाट्यांचे बुश. दिसणं म्हणजे दिव्यांना रिले लावून जाड वायरीने पूर्ण व्होल्टेज देणं. हे सगळं झाल्याशिवाय इंजिन आणि डिफरन्शिअलची भाषा काढायची नाही. ६०चा वेग ८० केला की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पट होते, हे प्राध्यापकांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं आहे आणि ते कुणी पुसत नाही. एका पोराने फोर-व्हील जीपचं फक्त मागचं डिफरन्शिअल बदललं होतं. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू पाहत होती आणि सारा ताण ट्रान्सफर केसवर येत होता. त्याने मुकाट्याने जुनं परत बसवलं.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि इंजिन बदलायचं तर आधी परवानगी लागते. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही बनावटीच्या मूळ तपशिलाबाहेर जाता येणार नाही, असं स्पष्ट केलं. आम्ही पूर्वी या नियमावर चिडायचो. गटारात कललेल्या गाडीतून पुतण्याला उतरवल्यावर माझी चीड बरीच ओसरली. कारखान्यातल्या कुणीतरी ते आठ आणि त्रेचाळीस दाते ब्रेकचा, वजनाचा आणि उताराचा मेळ घालून ठरवले असणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

४.२७चं डिफरन्शिअल मी काढून ठेवलं आहे. लेथच्या कारखान्यात ते कपाटाखाली पडून आहे. गाडी पुन्हा साठावर धापा टाकते. पुतण्या आता तेवीस वर्षांचा आहे, रविवारी तोही येतो. मागच्या महिन्यात गूळ घेऊन कुंभार्ली घाट त्यानेच उतरवला, मी शेजारी बसलो होतो. उतार सुरू होण्याआधी त्याने गाडी बाजूला घेतली, पेडल दोनदा दाबून पाहिला, आणि दुसरा गिअर टाकला.

मागून एका ट्रकने हॉर्न वाजवला. पुतण्याने हात बाहेर काढून त्याला पुढे जायला सांगितलं.