मोठ्या पातेल्याखालची ज्योत

शाळेतली खिचडी असो, लग्नाच्या पंगतीची आमटी असो, की छत्रपती संभाजीनगरमध्ये (पूर्वीचे औरंगाबाद) मोठ्या डेगेत शिजणारा नान-कलियाचा रस्सा असो, स्वयंपाक करणाऱ्यापुढचा प्रश्न एकच असतो : एवढ्या मोठ्या भांड्याखाली आग किती हवी आणि ती कशी ठेवायची? लाकडाच्या चुलीची जागा गॅसने घेतली की धूर जातो, डोळे चुरचुरायचे थांबतात. मात्र बर्नर कोणता घ्यायचा आणि तो पातेल्याच्या किती खाली बसवायचा, हे बहुधा दुकानदारावर सोडले जाते. खरे तर शाळेतल्या विज्ञानाच्या आधारे हे आपल्याला ठरवता येते.

किती उष्णता हवी?

समजा, ६० लिटर पाणी उकळायचे आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडे अधिक उंच असल्याने तिथे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सियसला उकळते. नळाचे पाणी २८ अंशांचे धरले, तर तापमान ७० अंशांनी वाढवावे लागेल. १ किलो पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून,

६० × ४.२ × ७० = १७,६४० किलोज्यूल

हे काम अर्ध्या तासात व्हायचे, तर दर सेकंदाला सुमारे १० किलोज्यूल, म्हणजे १० किलोवॉट उष्णता पाण्यात शिरली पाहिजे. उघड्यावरच्या शेगडीत निम्मी उष्णता वाया जाते असे धरू. मग बर्नर २० किलोवॉटचा हवा. घरच्या शेगडीचा एक बर्नर साधारण २ किलोवॉटचा असतो. तो मोठ्या पातेल्याला का पुरत नाही, हे यावरून कळेल.

१ किलो एलपीजी जळल्यावर सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे वरच्या एका उकळीला सुमारे ७७० ग्रॅम गॅस लागेल. निम्म्याऐवजी ७० टक्के उष्णता पाण्यात गेली, तर ५५० ग्रॅम पुरेल. शाळेच्या २०० दिवसांत हा फरक ४० किलोंच्या पुढे जातो. १९ किलोचे दोन सिलिंडर वाचले!

मोठा जेट म्हणजे मोठी आग?

आच कमी वाटली की जेटचे भोक मोठे करून घेण्याकडे काहींचा कल असतो. भोकाचा व्यास १ मिलिमीटरवरून १.४ मिलिमीटर केला, तर क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते आणि गॅसही दुप्पट येतो. पण हवेचे काय? बर्नरमध्ये गॅसची धार वेगाने शिरते आणि बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेते. १८५५ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे तयार झालेल्या बुन्सेन बर्नरचे तत्त्व हेच आहे. गॅस वाढला आणि हवा त्या प्रमाणात वाढली नाही, तर ज्योत पिवळी होते आणि पातेल्याच्या बुडावर काजळी धरते. म्हणून जेट, बर्नर आणि रेग्युलेटर ही एकमेकांसाठी बनवलेली जोडणी समजावी. कमी दाबाच्या बर्नरला जास्त दाबाचा रेग्युलेटर लावू नये.

अंतर किती ठेवायचे?

निळ्या ज्योतीचे दोन भाग दिसतात. आतल्या गडद शंकूत गॅसचे ज्वलन पुरे होत नाही. तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बाहेरच्या फिकट भागात त्याला आणखी हवा मिळते आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड बनतो. आता पातेले फार खाली आणले तर? आत पाणी असल्याने त्याचे बूड ज्योतीच्या मानाने खूपच थंड असते. आतला शंकू त्याला टेकला की ज्वलन अर्ध्यावर थांबते आणि कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो.

हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. गळणाऱ्या गॅसचा वास यावा म्हणून त्यात मुद्दाम मिसळलेले मरकॅप्टन ज्योतीत जळून जाते, त्यामुळे नाक इथे इशारा देत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीत रांधणाऱ्या बाईंचे डोके रोज दुखत असेल, तर शेगडीकडेही पाहायला हवे. उलट पातेले फार उंच ठेवले, तर तप्त वायू वाटेतच पसरतात आणि गॅस वाया जातो.

म्हणून अंतर बोटांनी मोजून न ठरवता ज्योत पाहून ठरवावे. गॅस पूर्ण सोडला असताना आतल्या शंकूचे टोक बुडाच्या खालीच राहिले पाहिजे. ज्योत बुडाबाहेर येऊन कडांवरून वर चढू लागली, तर बर्नर भांड्याच्या मानाने मोठा आहे. एकच जोरदार झोत असणाऱ्या बर्नरने मधोमध खिचडी लागते. आच पसरवणारा कड्यांचा बर्नर त्यापेक्षा बरा.

बसवताना

६० लिटर पाणी आणि पातेले मिळून ७० किलोंच्या आसपास भार होतो. त्यासाठी आडव्या पट्ट्या जोडलेली, रुंद पायांची, बुटकी लोखंडी घोडी हवी. ज्योतीजवळ जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये. तापल्यावर त्यातून घातक धूर निघतो. वारा अडवायला भोवती साधा लोखंडी पत्रा लावता येतो, पण खालून हवा यायला आणि वरून जळके वायू जायला वाट ठेवलीच पाहिजे. वरच्या एका उकळीसाठी किमान १० घनमीटर हवा लागते. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीतली एक तृतीयांशाहून अधिक हवा झाली ही!

सिलिंडर पत्र्याच्या आडोशाबाहेर, उभा ठेवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात किंवा तळघरात तो साचतो. मोठा बर्नर चालू असता द्रवाचे बाष्पीभवन वेगाने होते, सिलिंडर गार पडतो, त्यावर दव जमते आणि ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडर तापवणे हा जीवघेणा उपाय आहे. जाणकार माणसाकडून दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्यावेत.

वर्गात करून पाहू

प्रयोगशाळेची खिडकी उघडी ठेवून तिवईवर २०० मिलिलिटर पाण्याचे चंचुपात्र ठेवा. बुन्सेन बर्नरची ज्योत तीच ठेवून त्याची उंची लाकडी ठोकळ्यांनी बदला. पाणी ३० वरून ६० अंशांवर यायला लागणारा वेळ प्रत्येक वेळी नोंदवा आणि आलेख काढा. नंतर मुलांना आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरात नेऊन पातेल्याचे बूड दाखवा. ते काळे असेल, तर कारण त्यांनीच शोधावे.